तीन नावांचं कुंपण

आधी माफी मागून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही भंडाऱ्याकडच्या एका गावात. लग्न होऊन रायपूरला आले तर इथे दुकानाच्या पाट्या, बिलं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळं हिंदीत. हिंदीत ळ लागत नाही, म्हणून माझा हातही कधीकधी ळ विसरतो. वाचताना एखाद्या ल वर शब्द अडला तर तिथे ळ आहे असं समजून पुढे जावं. ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारूच नये. अक्षर मोठं आणि चौकोनी आहे, कारण नोकरीभर मी कुंड्यांमधल्या पट्ट्यांवर लिहीत आले. पट्टीवर शिसपेन्सिलीनंच लिहायचं असतं. शाई पावसात धुऊन जाते, पेन्सिल टिकते. उभ्यानं वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढायचं. ती सवय आता कागदावरही सुटत नाही.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला बायांनी आपापल्या कामाबद्दल लिहावं असं ठरलं. चारचौघांपुढे यायचं म्हटलं की मी मागे सरते. म्हणून आधी आपल्यापुरतं लिहून बघते आहे. द्यायचं की पेटीत ठेवायचं, ते मग पाहू.

मी शहराबाहेरच्या एका शेती संशोधनाच्या फार्मवर मजूर होते. आधी रोजीनं, नंतर कायम. माझे यजमान गुढियारीच्या मालधक्क्यावर हमाल. एकदा ते मला म्हणाले, "तू फार्मवर दिवसभर काय करून राहिली? हात तर मऊच दिसतात."

मी म्हटलं, "माशा पकडून राहिली."

ते इतके हसले की चहा सांडला. पण खरंच, तेच माझं काम होतं.

काम होतं सेमरकांद्याच्या रोगावर. सेमरकांदा म्हणजे जमिनीखाली लांब मुळ्या धरणारं झाड; पुढे नुसतं कांदा म्हटलं तरी हाच, भाजीतला नव्हे. आपण उपासाला जो साबुदाणा खातो तो याच कांद्याच्या पिठाचा. हे संशोधन करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडम केरळच्या. त्यांच्याकडे हा कांदा उकडून माशाच्या कालवणाबरोबर रोजच्या जेवणात खातात. मी उपास म्हणून साबुदाणा खाते हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "सुमन, ये कैसा उपवास है? ये तो हमारा पूरा खाना है." त्यानंतर एकादशी आली की माझ्या डब्याकडे बघून त्या हसायच्या.

या कांद्याला बी पेरत नाहीत. खोडाच्या वीतभर कांड्या तोडून मातीत खोवतात आणि त्या फुटतात. यातच अडचण आहे. आजारी झाडाची कांडी लावली की नवं झाडही जन्माचं आजारी. पानावर पिवळे-हिरवे डाग पडतात, पान मुरडतं, आणि खाली हाताएवढी मुळी धरायची तिथे बोटाएवढी धरते. हा रोग वाऱ्यानं येत नाही, पाण्यानं येत नाही. पांढरी माशी म्हणून तिळाहून लहान किडा असतो, तो आणतो. ती आजारी पानाचा रस पिते आणि उडून चांगल्या पानावर बसते. हे मी घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, "म्हणजे माशी हमाल, अन् रोग तिच्या पाठीवरचा माल. पोत्यात काय हाय ते हमालाले काय माहीत!" मॅडमना हे सांगितलं तर त्यांना फार आवडलं. पुढे कोणी साहेब आले की त्या हेच सांगायच्या, आणि मी मागे उभी राहून लाजायची.

खरा प्रश्न वेगळाच होता. कांदा काढून घेतल्यावर शेत रिकामं होतं. मग तेवढे दिवस रोग राहतो कुठे? मॅडमचं सगळं काम या एका प्रश्नावर होतं. मला तो लगेच समजला, कारण आपल्यातही असंच असतं. सासरी दिसली नाही म्हणजे बाई कुठे नाहीच असं होत नाही, ती माहेरी असते. तसं या रोगाचं माहेर कोणतं, हे आम्ही शोधत होतो. बांधावरचं तण, रस्त्याकडेची झाडं, कुंपणं, बागेतल्या शोभेच्या कुंड्या, सगळीकडे.

पिवळं पान दिसलं की मी ते झाड मुळासकट कुंडीत आणायची. मग भुकेल्या माशा त्यावर बसवायच्या आणि तिथून उचलून कांद्याच्या निरोगी रोपावर सोडायच्या. रोपावर कंदिलाची काच ठेवायची आणि वरून मलमलीचं फडकं बांधायचं. माशा उचलायला काचेची नळी असते, तिला रबराची नळी जोडलेली. ती तोंडात धरून हलकेच श्वास ओढायचा. जोरात ओढलं तर माशी मरते. हसलं तर सगळ्या उडून जातात. आणि नेमकं तेव्हाच आमच्या चौकीदाराला, बिसाहू भैयाला, विनोद सुचायचे. "दीदी, देखना, पेट में मत चली जाए. फिर डॉक्टर मॅडम तुमको भी गमले में लगा देगी."

आणखी एक नियम होता. कामावर पिवळी साडी नेसायची नाही. या माशीला पिवळा रंग ओढतो, अंगावर बसून ती जाळीघरात, म्हणजे निरोगी रोपं ठेवायच्या बारीक जाळीच्या खोलीत, शिरते. सणावाराला सगळ्या बाया पिवळं नेसून आल्या तरी मी आपली निळीत. एका बाईनं तर मला विचारलं होतं की हळदीशी तुझं काही वाकडं आहे का.

आमच्या कामाचं नाव झालं तसे लोकही पानं घेऊन येऊ लागले. शहरातल्या बूढापारा भागातले एक गृहस्थ स्कूटरवर वेल घेऊन आले. मोठी काळजी करत होते, हिरव्या पानावर पिवळे शिंतोडे म्हणून. मॅडम म्हणाल्या, "भाईसाहब, आपने ये छींटे देखकर ही तो खरीदा होगा." तेव्हा त्यांना आठवलं, की त्या पिवळ्या नक्षीसाठीच नर्सरीत जास्त पैसे दिले होते. प्रत्येक पिवळं पान आजारी नसतं, आणि आजारी असलं तरी ते आपल्याच रोगाचं असतं असंही नाही. ओसाडी नावाच्या तणाचं पिवळं पान, बनतुळशीच्या पिवळ्या शिरा, किती वेळा मला वाटलं की हेच ते माहेर! महिना जाई आणि कांद्याचं रोप मजेत हिरवंगार. तो त्या तणाचा आपला वेगळाच रोग असायचा. चूक कळायलाही महिना थांबावं लागतं, हे या कामात मला जड गेलं.

थांबून थांबून शेवटी एक झाड सापडलं, रतनजोत. याच्या बियांच्या तेलावर गाड्या चालणार म्हणून सरकारी योजनेतून ते जिथेतिथे लावलं होतं. आमच्या फार्मच्या रस्त्यालाही त्याची ओळ होती. त्यावरच्या माशा कांद्यावर सोडल्या, तर पान मुरडलं. मॅडमनी आत यंत्रावरही तपासलं. त्यांनी हुकूम दिला, जाळीघराच्या आसपास एकही रतनजोत नको. बिसाहू भैयानं ती पूर्ण ओळ कापून जाळली.

आता सुकवारो दाईची गोष्ट. इकडे दाई म्हणजे आई.

महानदीकडच्या वाटेवर एक गाव आहे. तिथे दाईची बाडी, म्हणजे घरामागचा मळा. त्यात तिचा सेमरकांदा. लग्न होऊन आली तेव्हा बस्तरकडच्या माहेराहून तिनं कांड्या डोक्यावर आणल्या होत्या. बाकी कांदे थोडे कडू लागतात, उकडताना पाणी बदलावं लागतं. हिचा नुसता भाजून खा, गुळासारखा. पण रोग तिच्या बाडीतही शिरला होता. एका कोपऱ्यातली थोडी झाडं तेवढी चांगली निघाली. मॅडमना त्या कांड्या जाळीघरात वाढवायला हव्या होत्या.

दाई म्हणाली, "लेग जा. पण बाढीत देते."

लेग जा म्हणजे घेऊन जा, आणि बाढी म्हणजे उसनं बी. आपल्याकडे जुनी माणसं वाढीदिढी म्हणत तेच. पेरणीला जितकं न्यावं त्याच्या दीडपट परत करावं. दाईनं चांगल्या होत्या तेवढ्या सगळ्या कांड्या तोडल्या, आपल्या लुगड्याच्या लाल काठाची पट्टी फाडली, तिनं मोळी आवळून बांधली आणि ती माझ्या हातात देत म्हणाली, "हेच माप. या पट्टीत बसेल एवढी मोळी, आणि वर अर्धी. नोनी, तू आणशील ना?" नोनी म्हणजे पोरगी. मला तेव्हा नातू होता. मी मान हलवली. मॅडमना वाटलं ती गंमत करते आहे. मला माहीत होतं की नाही. तिच्या बाडीत आता फक्त आजारी झाडं उरली होती. आमच्याकडून हा कांदा गेला तर तो कुठेच राहणार नव्हता.

जाळीघराला दोन दारं असतात, एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मी त्या कुंड्यांना पोटच्या पोरांसारखं जपलं. पावसाळ्यात झाडं माझ्या खांद्यापर्यंत आली.

दसऱ्याच्या सुमारास कोपऱ्यातल्या झाडाचं शेंड्याजवळचं पान मुरडलं. मग त्याच्या शेजारचं. मग पलीकडचं.

मी मॅडमना बोलावून आणलं. आम्ही सगळी जाळी बोट फिरवून पाहिली, भोक नव्हतं. मग मला दिसलं, कोपऱ्यातल्या कुंडीत कांद्याच्या खोडाला लागून आणखी एक काडी उभी होती आणि ती छान फुटली होती. कांद्याचं पान हाताच्या बोटांसारखं फाटलेलं असतं. हिचं पान रुंद होतं, वेलीसारखं. दाट पानांत ते इतके दिवस लपून गेलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, हा मोगली एरंड इथे कसा आला?"

मॅडम वाकल्या आणि ओरडल्याच, "ये रतनजोत है! बिसाहू! मैंने बोला था ना, सब काटो!"

बिसाहू भैया दारातून म्हणाला, "नहीं मॅडम, रतनजोत तो हम एक नहीं छोड़े. ये बगरंडा है."

"बगरंडा क्या होता है?"

"यही. बाउंड्री में पूरा यही तो लगा है."

तिघांची नावं तीन. झाड एकच होतं. जे सरकारी गाडीतून आलं, ओळीत लावलं, ज्याला खत घातलं, ते बिसाहूला रतनजोत. जे त्याच्या बापजाद्यांच्या काळापासून कुंपणाला होतं, धुळीनं माखलेलं, गाय तोंड लावत नाही म्हणून लावलेलं, ते बगरंडा. आणि माझ्या माहेरी त्याच कुंपणाला मोगली एरंड म्हणत. ओळीतली झाडं छाटून बुटकी ठेवली होती आणि कुंपणातली दोन पुरुष उंच. माझ्याही मनात कधी आलं नाही की ही सख्खी बहीण आहे. रोगाचं माहेर आम्ही लांब लांब शोधलं, आणि ते आमच्या चारी बाजूंनी उभं होतं.

पण काडी आत आली कशी? बिसाहू भैयानं गमछा चुरगाळत सांगितलं. हरेली, म्हणजे आपली आखाडातली अवस. त्या दिवशी छत्तीसगढात शेतात भेलव्याची फांदी खोवतात, पिकाला नजर लागू नये म्हणून. भेलवा म्हणजे आपला बिबा. तो जंगलातला, इकडे मिळाला नाही. सुट्टीमुळे फार्मवर दुसरं कोणी नव्हतं. म्हणून त्यानं कुंपणाची हिरवी, पानांसकट डहाळी तोडून आत खोवली.

"दाई का कांदा था मॅडम. सोचा, बच जाए."

मॅडमनी पान उलटं केलं. माशीची पिलं पानामागे चिकटून असतात, ती उडत नाहीत म्हणून कोणाला दिसत नाहीत. ती मोठी होऊन उडून गेल्याच्या टरफलांनी पान पांढरं झालं होतं. माल आणि हमाल एकाच डहाळीवर आले होते.

मला वाटलं मॅडम त्याला काढून टाकतील. त्या कुंडीच्या काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "मैंने भी तो कभी नहीं पूछा, तुम लोग इसको क्या बोलते हो." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पट्टीवर सगळी नावं लिहायचा नियम झाला. मॅडमचं, बिसाहूचं आणि माझं. पट्ट्या कापताना मी जरा लांब कापू लागले.

मग त्या म्हणाल्या, "सब निकालो. सब जला दो."

नोकरीत मी कधी उलट बोलले नव्हते. तेव्हा कसं बोलले माहीत नाही. "मॅडम, वो बाढी का है."

"सुमन, बीमार है."

"मरलं असं सांगून बाढी फिटत नाही, मॅडम. द्यावंच लागतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग प्रत्येक झाडाचा शेंडा तोडून घेतला आणि बाकी जाळलं. शेंड्याच्या अगदी टोकाला, मोहरीहून बारीक भागात, पुष्कळदा रोग अजून पोचलेला नसतो. तेवढाच भाग कापून काचेच्या नळीत, औषध घातलेल्या खिरीसारख्या थरावर ठेवतात. मॅडम भिंगाखाली कापत आणि मी नळ्या उकळून देत असे. कित्येक कुजले, कित्येक तपासणीत आजारी निघाले. ते नखाएवढं हिरवं जिवंत राहील की नाही या विचारात माझा हिवाळा गेला.

दाईला सांगायला मी आणि बिसाहू भैया बसनं गेलो. दाईचं बोलणं मी आपल्या भाषेत लिहिते.

"पक्क्या घरात, जाळीत ठेवून मारला? इथे माझ्या उकिरड्यावर जगतो तो!"

मी म्हटलं, "दाई, मेला नाही. काचेत आहे. पण परत आणून लावायचा तर तुझं बगरंड्याचं कुंपण काढावं लागेल. रोग त्यात राहतो."

"मग ते का मरत नाही? उलट फोफावतंय."

"काही माणसं नसतात का? घरात आग लावतात आणि स्वतः जाड होत जातात."

दाई खुदकन हसली. "माझी थोरली जाऊ." मग लगेच गंभीर झाली. "कुंपण काढलं तर गायी येतील. आधी कांदा आण, मग कुंपण."

मॅडम म्हणत, आधी कुंपण, मग कांदा. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि मधे मी. तिढा सोडवला तो बिसाहू भैयानं. सुट्टीच्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन दाईकडे जायचा. एक बाजू बगरंडा आणि तिथला आजारी कांदा काढायचा, त्याच दिवशी तिथे बाभळीचे काटे आणि बांबू रोवून यायचा. गाईला एक संध्याकाळही वाट मिळाली नाही. दाई त्याला ओरडायची, जेवू घालायची आणि पुन्हा ओरडायची.

काचेतली निरोगी रोपं जाळीघरात वाढली, आणि त्याच्या पुढच्या साली, पावसाच्या तोंडावर, मी लाल पट्टीत बांधलेली पूर्ण मोळी घेऊन गेले. दाईनं प्रत्येक कांडी नखानं खरवडून पाहिली, कुठे दूध येतं, म्हणजे जीव आहे, आणि कुठे नाही. पट्टी मोळीवर नेमकी बसली होती, ती तिनं सोडली. उरलेल्या बाढीची आठवण म्हणून तिच्या टोकाला गाठ मारली आणि ती घराच्या आढ्याला टांगली.

"अर्धी बाकी," म्हणाली.

अर्धी बाकीच राहिली. मॅडमचं काम मंजूर होतं तितके दिवस संपले. त्या केरळला परत गेल्या. जाळीघर उतरवलं. नवे साहेब भाताचे होते. मीही निवृत्त झाले. रोगाची इतर माहेरं शोधायची राहिली, तणांच्या किती कुंड्या अर्ध्या तपासणीत फेकल्या गेल्या, त्याची मला अजून रुखरुख आहे. पण अर्ध्या मोळीची जास्त होती. बाढी मॅडमनी नेली नव्हती, मान मी हलवली होती.

जाळीघर उतरवताना मी विचारून थोडी जुनी जाळी आणि कांद्याची काही रोपं घरी आणली. गुढियारीत आमच्या गच्चीवर रंगाच्या डब्यांत लावली आणि वरून जाळी शिवून टाकली. यजमानांनी खांब बांधून दिले. शेजारणी म्हणायच्या, "काहून वो, नवरी ठेवली काय जाळीत?" गच्चीवर चढताना मी अजूनही पिवळी साडी नेसत नाही.

यंदा खोडं अंगठ्याएवढी जाड झाली. मी कांड्या तोडल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि बसनं गेले. बिसाहू भैया बसस्टँडवर उभाच होता, केस पांढरे झालेले. दाईला आता नीट दिसत नाही. बाभळीचं कुंपण तसंच होतं, आत तिचा कांदा माणसाहून उंच. तिनं पान हातानं चाचपलं, सपाट, कुठे मुरड नाही, आणि माझा हात तिथे नेऊन मलाही चाचपायला लावलं.

मग आढ्यावरची पट्टी काढायला लावली. मी आणलेल्या कांड्या तिच्या मांडीवर ठेवल्या. तिनं पट्टी दुहेरी करून त्यांच्याभोवती गुंडाळली, म्हणजे तिच्या मापानं बरोबर अर्धी. ती पुरली. थोडी सैलही राहिली नाही.

"होगे, नोनी, झालं," दाई म्हणाली, आणि इतकी वर्षं मारून ठेवलेली ती लाल गाठ दातांनी ओढून सोडवली.

गाठ फिटली.